सासूबाईंना खाली आणताना

मुकादम म्हणजे खलाशांच्या टोळीचा मुकादम. कारखान्यात जे जड असेल ते एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागेवर ठेवायचं, एवढंच त्याच्या टोळीचं काम. लेथ, बॉयलर, ट्रान्सफॉर्मर, दोन मजल्यांएवढी दाबयंत्रं. क्रेन जिथे पोहोचत नाही तिथे खलाशी पोहोचतो. पहार, दोर, लाकडी ठोकळे, लोखंडी नळ्या आणि पाच माणसं. एकतीस वर्षं त्याने हे केलं आणि त्या एकतीस वर्षांत टोळीतल्या एकाचंही बोट गेलं नाही. हे तो स्वतः कुणाला सांगत नसे. पण दुसरं कुणी सांगत असेल तर मध्ये बोलतही नसे.

त्याचं शेवटचं काम म्हणजे स्वतःचाच कारखाना उचलणं. कारखाना बंद झाला, यंत्रं विकली गेली आणि ती बाहेर काढण्यासाठी या पाच जणांना अकरा आठवडे जास्तीचे ठेवून घेतलं. बाकी सगळे घरी बसलेले, आणि हे पाच रिकाम्या शेडमध्ये एकेका यंत्राचे पायातले बोल्ट सोडवत होते. यंत्र निघालं की जमिनीवर त्याच्या आकाराचा तेलकट डाग राहायचा. शेवटी शेडभर नुसते डागच राहिले. शेवटचं यंत्र ट्रेलरवर चढवून मुकादमाने दोर गुंडाळला, रॉकेलने हात धुतले आणि घरी येऊन म्हणाला, “झालं.”

ऐकायला बायको नव्हती. ती आठ महिन्यांपूर्वीच गेली होती. सकाळची वेळ, गॅस बंद करता करता खाली बसली ती उठलीच नाही. तेव्हा ते “झालं” त्याने भिंतीलाच सांगितलं. पलीकडच्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, “काय झालं?”

“काम.”

“हं,” सासूबाई म्हणाल्या.

सासूबाई सहा वर्षांपूर्वी लेकीकडे आल्या होत्या, महिनाभर राहायला. नवव्या दिवशी न्हाणीघरात पाय घसरला, खुबा मोडला आणि तो पुन्हा नीट जुळलाच नाही. कंपनीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. दवाखान्यातून त्यांना स्ट्रेचरवर घालून वर आणलं, त्या वर आल्या त्या वरच राहिल्या. अंगाने भरलेल्या, बोलायला खणखणीत. नातीच्या खांद्याला धरून खाटेपासून न्हाणीघरापर्यंत आणि खाटेपासून खिडकीपर्यंत, एवढाच त्यांचा प्रवास. खिडकीतून कारखान्याचं मागचं आवार दिसे. यंत्रं निघाली ती याच आवारातून, आणि अकरा आठवडे सासूबाईंनी एकूण एक यंत्र जाताना पाहिलं.

सहा वर्षांत सासू आणि जावई यांचं एकमेकांशी थेट बोलणं म्हणाल तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. मध्ये बायको होती. सासूबाई म्हणायच्या, “तुझ्या नवऱ्याला सांग, खिडकीची कडी कुरकुरते.” नवरा समोरच उभा असायचा. बायको वळून म्हणायची, “ऐकलंत का?” मग तो तेलाचा डबा काढायचा. ही पद्धत तिघांच्याही अंगवळणी पडली होती. आता मधलं माणूसच उठून गेलं. मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणत, ती औषधांच्या कारखान्यात पाकिटं बांधायच्या कामावर होती. सकाळी साडेसहाला जायची, पाचला यायची. दिवसभर घरात ही दोन माणसं. एक खाटेवर, एक खुर्चीत.

“चहा ठेवू का?”

“तुम्ही घेणार असाल तर.”

“मी घेईन.”

“मग ठेवा.”

इतकं बोलून दोघंही दमायची.

काम शोधायला मुकादम रोज दहाला बाहेर पडे. बसायला त्याला येत नव्हतं. एका ठिकाणी रखवालदार हवा होता. टेबलामागचा मुलगा चिमणीच्या वयाचा.

“वय?”

“छप्पन्न.”

“आधी काय करत होता?”

“जड उचलत होतो.”

“काका, इथे काही उचलायचं नाही. नुसतं बसायचंय.”

“बसेन.”

“बसण्याचा अनुभव आहे का?” मुलाने विचारलं. त्याला चेष्टा करायची नव्हती, त्याच्या कागदावर तसा रकानाच होता. मुकादम उठून आला. दुसऱ्या गोदामात म्हणाले, आता सगळं फोर्कलिफ्टने होतं. तिसऱ्या ठिकाणी म्हणाले, कळवतो. महिन्याभरात तो इतक्या पायऱ्या चढला आणि उतरला की कारखान्यातला पूर्ण पाळीचा दिवस त्यापुढे सुट्टी वाटावा. पाळी संपली की निदान एखादी वस्तू हललेली असायची. इथे काहीच हलत नव्हतं.

त्यातच चिठ्ठी आली. कंपनीची घरं महिनाअखेर रिकामी करायची. चिमणीने धावपळ करून टायरच्या दुकानामागे एक खोली ठरवली. तळमजला, एक खोली, पुढे स्वयंपाकापुरती पट्टी, मागे न्हाणीघर. मुकादम बघायला गेला तो उंबऱ्यातच उभा राहिला. भिंतीला ओल कुठवर चढली आहे ते पाहिलं, मान हलवली आणि परत फिरला. दहा मिनिटं लागली असतील.

पुढच्या रविवारी मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, चष्म्यांचं दुकान चालवतो. स्वभावाने वाईट नाही. पण त्याला कुठलीही गोष्ट बोलायची म्हणजे आधी चष्मा पुसावा लागतो.

“भाऊजी, मी सरळच बोलतो,” तो चष्मा पुसत म्हणाला. “आईला आता मी घेऊन जातो. तुम्हाला एकच खोली, त्यात तुम्ही दोघं. शिवाय सध्या तुमचं जरा... म्हणजे...”

“नोकरी नाही,” सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. “बोल की. शिवी आहे का ती?”

“तसं नाही गं आई.”

“तुझी बायको काय म्हणते?”

“ती कुठे नाही म्हणते?”

“म्हणजे हो पण म्हणत नाही.”

“आई, गॅलरी बंद करून घेतलीये आम्ही. तिथे तुझी खाट लावू. दिवसाची एक बाई ठेवू. तुला काही कमी पडणार नाही.”

सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं. जावई स्वतःच्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता. शिवण उसवली होती.

“बरं,” सासूबाई म्हणाल्या. “न्याल तिथे जायचं. कपाटाला कोण विचारतं?”

मेहुणा गेला. जिन्यात त्याची पावलं वाजेनाशी झाल्यावर चिमणी स्वयंपाकघरात बापावर उसळली, पण आजीला ऐकू जाऊ नये म्हणून दबक्या आवाजात.

“बाबा, मूग गिळून बसलात! एक शब्द नाही?”

“मी काय बोलणार? मुलगा आहे तो आजीचा.”

“आणि तुम्ही?”

“मी कोण? तुझी आई होती तोवर जावई होतो.”

“आणि आता?”

मुकादम ओट्याला टेकला. सहा वर्षं या बाईने एक खोली अडवली होती, त्याच्या चहात साखर जास्त होते हे लेकीमार्फत रोज ऐकवलं होतं. तरी ती गॅलरीत जाणार हे त्याला पटत नव्हतं. पण राहा म्हणायचं तर कशाच्या जोरावर? खोली अजून ताब्यात आलेली नाही, हाताला काम नाही. आणि मुलगा न्यायला तयार असताना जावयाने आईला ठेवून घेणं म्हणजे मुलाच्या तोंडात मारल्यासारखं. “मी आता जिन्याचं बघतो,” तो म्हणाला आणि खिशातून टेप काढला.

जिन्याचं त्याने खरंच बघितलं. चोपन्न पायऱ्या, पाच वळणं. रुंदी साडेतीन फूट, पण दुसऱ्या मजल्याखालच्या वळणावर भिंत दीड इंच पुढे आलेली. आठव्या पायरीची कड फुटकी. कठडा कुठे घट्ट, कुठे हलणारा. सगळं जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर लिहिलं. मग घरातली हातांची लाकडी खुर्ची घेतली, दोन्ही बाजूंना बैठकीखालून दोन नळ्या नट-बोल्टने आवळल्या. नळ्या सहा फुटांच्या होत्या, वळणावर अडकल्या असत्या, म्हणून पाच फुटांवर कापल्या. कापलेली टोकं कानशीने घासली, त्यावर सायकलची जुनी ट्यूब चढवली. चार दिवस लागले. त्या चार दिवसांत तो काम शोधायला गेला नाही, आणि जेवला मात्र व्यवस्थित.

“आई, तुमचं वजन किती?” चौथ्या दिवशी त्याने विचारलं.

सासूबाईंनी मान वळवली. “का? विकायचंय?”

“नळी वाकेल की नाही ते बघायचंय.”

“साठ.”

एकतीस वर्षं तो नुसतं बघून वजन सांगत आला होता. त्याने कागदावर ब्याऐंशी लिहिलं.

“काय लिहिलंत?”

“साठ. आणि वर थोडं धरलंय. भार नेहमी जास्तच धरायचा असतो.”

“भार!” सासूबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. चिमणी घरी आली तेव्हा तिला खुर्चीत बसवून, मांडीवर हत्यारांची पेटी ठेवून, नळ्यांची टोकं दोन ट्रंकांवर टेकवून त्याने खुर्ची तोलून पाहिली. नळी वाकली नाही. चिमणी म्हणाली, “बाबा, एवढं तर नवरीच्या डोलीलाही कुणी करत नसेल.” आतून आवाज आला, “नवरी साठ किलोची असते!”

निघायच्या दिवशी सकाळी आठला टोळी यायची होती. चौघांनी चार टोकं धरायची आणि मुकादमाने हाळी द्यायची. टोळीचा नियमच तसा. जो हाळी देतो तो भाराला हात लावत नाही. हाताला ओझं आलं की डोळे ओझ्याकडे जातात, आणि मग पायरी, भिंत, दुसऱ्याचं बोट काही दिसत नाही. म्हणून एक जण रिकाम्या हाताने उभा राहतो, सगळं बघतो, आणि बाकीचे डोकं न चालवता त्याचा आवाज ऐकतात. बाहेरच्याला वाटतं, हा नुसता ओरडतोय. पण पाचांत सगळ्यात जास्त तोच दमतो.

आले तिघंच. लंबू, मास्तर आणि गप्पीदास.

“पैलवान?” मुकादमाने विचारलं.

“त्याला परवा काम लागलं,” मास्तर म्हणाला. “बिस्किटांच्या गोदामात. तिसऱ्याच दिवशी खाडा कसा करणार? त्याने हात जोडून माफी मागितलीये.”

“बरं झालं लागलं ते,” मुकादम म्हणाला. मनापासूनच म्हणाला, पण डोळे खुर्चीच्या चौथ्या टोकावर होते.

“मुकादम, आपण आधी कपाटं काढू,” गप्पीदास म्हणाला. “तोवर कोणीतरी चौथा शोधू. खाली ते टेंपोवाले आहेत, त्यांच्यातला तो जाड्या...”

“आधी आई. हात ताजे असताना. आणि जाड्याबिड्या नको. टोक मी धरतो.”

“मग हाळी?”

“तीही मीच देतो.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

चिमणीने आजीला खुर्चीत बसवलं. मुकादमाने रुंद पट्टा कमरेवरून आणि दुसरा छातीवरून घेतला.

“बांधताय कशाला? मी काय पळून जाणार आहे?”

“सवय आहे,” मुकादम म्हणाला.

जिना उतरताना खालच्या दोघांवर जास्त वजन येतं. नळी खांद्यावर घ्यावी लागते आणि तोंड पुढे, पाठ भाराकडे. वरचे दोघं कमरेत वाकून येतात. मुकादमाने खालचं उजवं टोक घेतलं, भिंतीकडचं. शेजारी लंबू. वर मास्तर आणि गप्पीदास. “उचल,” मुकादम म्हणाला आणि खुर्ची उठली. दाराबाहेर पडताना सासूबाईंनी डोळे मिटले ते पहिल्या वळणापर्यंत उघडले नाहीत.

पहिल्या अठरा पायऱ्या ठीक गेल्या. “पायरी. पायरी. टेक. दम घ्या. उचल.” पण मुकादमाला मागचं दिसत नव्हतं. खुर्ची सरळ आहे की कललेली, हे तो खांद्यावरच्या वजनावरून ओळखत होता. तेवढं पुरत नाही. शिवाय दम लागला की हाळी तुटते. दुसऱ्या मजल्याखालच्या वळणावर, जिथे भिंत पुढे आली होती तिथे, त्याने “वळ” म्हटलं ते एका पायरीआधी. लंबू वळला. वरचे दोघं अजून सरळ होते. नळीचं मागचं टोक भिंतीला लागलं, गप्पीदासची बोटं मध्ये सापडली, तो किंचाळला आणि खुर्ची कठड्याच्या बाजूला कलली.

“थांबा!”

सगळे जागच्या जागी थांबले. टोळीला तशी सवयच असते. हाळी कुणाची ते नंतर बघायचं, आधी थांबायचं. आवाज वरून आला होता, खुर्चीतून.

“पाय हलवू नका कुणी,” सासूबाई म्हणाल्या. डोळे आता टक्क उघडे होते. “मास्तर, तुमचं टोक वर. अजून. गप्पीदास, आता काढा हात. काढला? लंबू, तुम्ही एक पायरी मागे या. मागे म्हणजे वर हो! जावईबापू, तुम्ही अर्धं पाऊल भिंतीकडे. बास. आता सगळे मिळून कठड्याच्या वर घ्या मला. उचला!”

खुर्ची सरळ झाली, कठड्यावरून फिरली, खालच्या पायऱ्यांकडे तोंड करून थांबली. गप्पीदासची दोन बोटं सोलटली होती. मोडलं काही नव्हतं.

“आई, हे कुठे शिकलात?” गप्पीदास दुखणं विसरून म्हणाला.

“अकरा आठवडे खिडकीत काय झोपा काढत होते? चला, पायरी!”

पुढच्या पायऱ्या त्यांच्या हाळीवर उतरल्या. मुकादमाने तोंड मिटून घेतलं आणि नुसतं वजन वाहिलं. किती वर्षांनी. खांद्यावर नळी रुतत होती, मानेवरून घाम बनियनमध्ये जात होता, आणि काही ठरवायचं नव्हतं. त्याला जाणवलं की बायको गेल्यापासून आपण सतत काहीतरी ठरवतोय.

पहिल्या मजल्याच्या वळणावर सासूबाईंनीच “टेक” म्हटलं. नळ्यांखाली ठोकळे सरकवले. गप्पीदास बोटं धुवायला खाली गेला, त्याच्या मागून मास्तर आणि लंबू पाणी प्यायला गेले. वळणावर दोघंच राहिली. मुकादम पायरीवर बसला.

“ती इथूनच गेली,” सासूबाई म्हणाल्या.

मुकादमाने खालच्या पायऱ्यांकडे पाहिलं.

“मी वर होते. नुसती पावलं ऐकू येत होती. कुणी हाळी देत नव्हतं. मला वाटत होतं, कुणीतरी सांगा रे यांना, वळण आलंय.”

मुकादमाने मान हलवली. त्या दिवशी बायकोला खाली नेताना तो मागून चालत होता. रिकाम्या हातांनी. तोंडातून शब्द फुटला नव्हता.

“नवीन घराला पायऱ्या किती?” थोड्या वेळाने सासूबाईंनी विचारलं.

“एकही नाही. नुसता उंबरा आहे.”

“माझी खाट बसेल तिथे?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे? मोजलं नाही?”

“नाही.”

“दार?”

“नाही मोजलं.”

सासूबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. ज्याने चोपन्न पायऱ्या मोजल्या, फुटकी कड वहीत टिपली, त्याने जिथे राहायला जायचं ते घर मोजलं नव्हतं. मुकादमाचं तोंड उतरलं. टोळीत नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी तो सांगायचा, यंत्र जिथून काढायचं ती जागा नंतर बघ, जिथे ठेवायचं ती आधी. असली चूक दुसऱ्या कुणी केली असती तर त्याने त्याला आठवडाभर झाडू मारायला लावला असता.

“म्हणजे मी येणार नाही हे तुम्ही धरूनच चाललात,” सासूबाई म्हणाल्या.

“तुम्हीच ‘बरं’ म्हणालात.”

“मग काय म्हणू? तुम्ही चपलेकडे बघत होता. मी माझ्या तोंडाने म्हणू, मला ठेवून घ्या? लेक असती तर तिला सांगितलं असतं, तुझ्या नवऱ्याला विचार म्हणून.”

“मला नोकरी नाही, आई.”

“ते मला माहीत आहे. दिवसभर समोरच असता.”

“खोलीला ओल आहे.”

“असेल.”

“चहा तुम्हाला माझा आवडत नाही.”

“गोड होतो. ते लग्नापासून आहे.” त्यांनी पदराने कपाळ पुसलं. “एवढी माणसं गोळा केलीत, पट्टे बांधलेत, वजन लिहिलंत. ब्याऐंशी लिहिलंत, मी पाहिलंय. पण कुठे ठेवू, हे कुणी विचारलं नाही. तुम्ही तरी विचारा.”

खाली पायऱ्यांवर माणसं परत चढल्याचा आवाज आला. बायकोला मागणी घालायलाही तो स्वतः गेला नव्हता, वडिलांना पाठवलं होतं.

“आमच्याकडे येता का?” तो म्हणाला.

“बघू. आधी दार किती आहे ते कळू दे,” सासूबाई म्हणाल्या. मग वर येणाऱ्या तिघांना म्हणाल्या, “झालं का पाणी पिऊन? अजून अठरा आहेत. धरा!”

खाली मेहुणा गाडीचं दार उघडून उभा होता. पुढची बैठक त्याने मागे सरकवून ठेवली होती, पाठीला उशीही आणली होती. सासूबाईंना आत बसवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “मला यांच्या खोलीवर सोड.”

“आई, आपलं ठरलं होतं.”

“तुझं ठरलं होतं. मी बरं म्हटलं होतं.”

“अगं, गॅलरीला काचा बसवल्या मी! लोक काय म्हणतील, मुलगा असताना...”

“लोकांना म्हणावं, रविवारी मुलगा येतो. आणि ये खरंच. तुझ्या गॅलरीत दिवसाची बाई, आणि ती गेली की मी आणि काचा. इथे निदान भांडायला माणूस आहे.”

मेहुण्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तोंडावर राग होता. पण खांदे मात्र खाली आले, जड पिशवी ठेवल्यावर येतात तसे. ते मुकादमाने पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. खुर्ची गाडीच्या टपावर बांधली. चिमणी सामानासाठी टोळीबरोबर मागे राहिली. तिने गाडीच्या खिडकीतून हात घालून आजीच्या गालाचा चिमटा घेतला.

नवीन खोलीशी पोहोचल्यावर दोघांनी खुर्ची टपावरून उतरवली, सासूबाईंना तिच्यात बसवलं आणि मुकादमाने टेप काढला. दाराची चौकट अठ्ठावीस इंच. पण दार भिंतीला टेकून काटकोनातच उघडत होतं, त्याच्या फळीची जाडी दीड इंच. राहिले साडेसव्वीस. खुर्ची नळ्यांसकट सत्तावीस. त्याने दोनदा मोजलं. मग नळ्या सोडता येतील का ते पाहिलं. नट बैठकीखाली होते, सासूबाई वर बसल्या होत्या. तिथे हात जाईना. चालवत न्यावं तर चिमणीचा खांदा नव्हता, आणि उंबऱ्यावरून पाय उचलणं सासूबाईंना जमणारं नव्हतं.

“किती?” सासूबाईंनी विचारलं. त्या गल्लीत, भर उन्हात, खुर्चीवर बसल्या होत्या. सहा वर्षांनी त्यांच्या अंगावर सरळ ऊन पडलं होतं आणि त्या डोळे बारीक करून इकडेतिकडे बघत होत्या. टायरवाला हातातलं काम टाकून त्यांच्याकडे बघत होता.

“अर्धा इंच कमी.”

“मग?”

“दार काढतो.”

बिजागऱ्या गंजलेल्या. सहा स्क्रूंपैकी चारांच्या खाचा भरून गेल्या होत्या. मेहुण्याने दार धरून ठेवलं आणि मुकादमाने एकेक खाच खिळ्याने कोरून टायरवाल्याच्या पेचकसाने स्क्रू काढले. पंचेचाळीस मिनिटं गेली. मध्येच मेहुणा हळूच म्हणाला, “भाऊजी, तुम्हाला जमेल ना हे सगळं?” तो दाराविषयी विचारत नव्हता. मुकादम म्हणाला, “माहीत नाही. धर नीट.”

दार निघालं, भिंतीला टेकवून ठेवलं. मुकादमाने पुढची दोन्ही टोकं घेतली, मेहुण्याने मागची. मेहुण्याचे हात चष्म्यांचे. उचलल्याबरोबर त्याच्या मानेच्या शिरा दोरासारख्या फुगल्या.

“साठ किलोला एवढं?” सासूबाई म्हणाल्या. “सरळ. सरळ. उंबरा. उचल पाय. टेक.”

दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच ठेवून खुर्ची आत गेली.

दुपारी टेंपो आला. कपाट बसलं नाही, ते टायरवाल्याच्या छपराखाली ठेवलं. खाट बसली. खाट बसल्यावर मुकादमाला आणि चिमणीला झोपायला जमिनीचा एक पट्टा उरला, पावणेपाच फुटांचा. लंबूला त्यात झोपता आलं नसतं, असं लंबूनेच म्हणून दाखवलं. मेहुणा गेला, टोळी गेली. जाताना मास्तर म्हणाला की बिस्किटांच्या गोदामात अजून माणसं लागणार आहेत, सोमवारी सकाळी सातला दारात उभं राहायला हवं, पैलवान आत शब्द टाकेल. मुकादम म्हणाला, “वय विचारतात का?” मास्तर म्हणाला, “विचारतात.”

संध्याकाळी चिमणी भांडी लावता लावता भिंतीला टेकून झोपून गेली. मुकादम उंबऱ्यात बसला, पाठ चौकटीला लावून. उजवा खांदा सुजला होता, हात कोपरातून वर जात नव्हता. दार अजून बाहेरच होतं. स्क्रू जुने बसणार नव्हते, नवी भोकं पाडावी लागणार होती. त्याने ठरवलं, दार उद्या.

“जावईबापू,” खाटेवरून आवाज आला. मध्ये आता कुणी नव्हतं. “वारा येतोय अंगावर.”

तो डाव्या हाताने चौकट धरून उठला आणि हत्यारांची पेटी कुठल्या गाठोड्यात बांधली ते शोधू लागला.